रानात मुक्कामाला एकच सुरी न्यायची तर कोणती?

वाटसरू_पंचवटी

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की आमचा चौघांचा गट तंबू घेऊन बाहेर पडतो. कधी वैतरणा धरणाच्या काठाला, कधी हरसूलकडे, कधी धोडपच्या गुहेत. स्वयंपाक आम्हीच करतो. आतापर्यंत घरातली भाजीची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होतो, पण टोक सॅकमधून बाहेर येतं आणि लाकूड तासायला घेतलं की पातं मुठीत हलायला लागतं.

आता एकच चांगली वस्तू घ्यायची आहे. कांदा-बटाटा चिरणं, दोरी कापणं, तंबूच्या खुंट्या तासणं, चूल पेटवायला ढलप्या काढणं, क्वचित बांबू. बजेट दोन-अडीच हजार. इंटरनेटवर पाहिलं तर सहा मिलिमीटर जाड, दहा इंची, पाठीवर करवतीचे दात असलेल्या सुऱ्या दिसतात. त्या खरंच लागतात का? घडीची घ्यावी की सरळ? स्टेनलेस की कार्बन? वापरणाऱ्यांनी सांगावं.

बागाईतदार_निफाड

कोयता घ्या आणि विषय संपवा. आमच्या बागेत तार ओढणीपासून बांबू तासण्यापर्यंत, नारळ फोडण्यापासून उसाचं टिपरं सोलण्यापर्यंत सगळं एका कोयत्यावर चालतं. छाटणीला तेवढा सिकेटर लागतो. लोहाराकडून घडवून घेतला तर तुमच्या बजेटच्या चौथ्या हिश्श्यातसुद्धा होईल आणि पुढची पिढी वापरेल. परदेशी नावांच्या मागे लागू नका.

कड्यावरचा

दादा, शेतावर कोयता मलाही मान्य. पण पाठीवर सॅक घेऊन अलंगच्या कातळावर चढताना कोयता कुठे अडकवणार? वजन राहू द्या, उघडं जड पातं आणि ताणलेला दोर एका जागी असणंच धोक्याचं. भार आलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो तुटतो. आम्ही दोराच्या कामाला घडीचा छोटा चाकू ठेवतो, लॉक असलेला, गळ्यात किंवा हार्नेसला बांधलेला. धागाकर्त्यांचं काम मात्र वेगळं दिसतंय. तंबू आणि चूल हेच मुख्य असेल तर सरळ पात्याचीच घ्या. घडीच्या चाकूच्या खाचेत कणीक, माती, कांद्याचा रस जातो आणि रानात तो नीट धुता येत नाही. शिवाय लाकडावर जोर दिला की सगळा भार त्या एका खिळीवर येतो.

ऐरण

मी सातपूरला टूलरूममध्ये आहे. रोजचं काम हीट ट्रीटमेंटचं, आणि सुऱ्या हा आवडीचा विषय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वाटसरू, तुम्ही कामांची जी यादी दिलीत तीच पुन्हा वाचा. त्यातली बहुतेक कामं पात्याच्या मुठीजवळच्या दोन-तीन इंचांत होतात. ढलपी काढताना, खुंटीला टोक करताना जोर तिथेच लागतो, कारण हाताला जितकं जवळ तितका ताबा जास्त. दहा इंची पात्याची पुढची सहा इंचं नुसती मिरवायची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार इंचांच्या आसपासचं सरळ पातं, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, पाठीवर दात नकोत, टोक पाठीच्या रेषेपेक्षा जरा खाली, मधोमध आलेलं.

जाडीवर विशेष भर देतो, कारण माणसं इथेच फसतात. सहा मिलिमीटरचं पातं मजबूत असतं हे खरं, पण ते बटाटा चिरत नाही, फोडतं. पाचर आत शिरावी तसं होतं. मजबुती फक्त जाडीतून येत नाही, पोलादातून आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलंय, यातून येते. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या कंपॅनियन सुरीचं पातं जेमतेम अडीच मिलिमीटर आहे आणि लांबी सुमारे 104 मिलिमीटर. तिच्यात पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंतही जात नाही, तरी जगभर सुतारकाम आणि रानातली कामं तिच्यावर चालतात. 'फुल टँग' म्हणजे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असणं. ते असलं तर उत्तमच, पण ते नाही म्हणून चांगली सुरी नाकारू नका.

आता पोलाद. स्टेनलेस म्हणजे ज्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम आहे ते. पण सगळं स्टेनलेस सुरीचं नसतं. भांड्यांचं जे 304 स्टील असतं, 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलवालं, ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही. त्याची सुरी चकचकीत दिसेल आणि दुसऱ्या दिवशी बोथट होईल. सुरीला लागतं ते कडक होणारं स्टेनलेस, उदाहरणार्थ 12सी27. रॉकवेल मोजमापावर 56 ते 58 कडकपणा असला की धार टिकते आणि साध्या दगडावर परत लागतेही. याहून कडक, 60 च्या वरची पोलादं आहेत, पण रानात बसून ती पाजवणं जिकिरीचं होतं.

कार्बन पोलाद धारेला गोड असतं, लवकर लागतं, पण ओलं ठेवलं की गंजतं. तुम्ही पाऊस ओसरल्यावर जाता म्हणजे दव आणि ओली माती आलीच. पुसून तेल लावायची सवय असेल तर कार्बन, नसेल तर स्टेनलेस.

रानवेल

ऐरणदादांच्या जाडीच्या मुद्द्याला +१. आमच्या गटात स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे असते, त्यामुळे चुलीच्या बाजूनं बोलते.

मुक्कामात सुरी सगळ्यात जास्त वेळ कशावर चालते? कांद्यावर. त्यानंतर टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर. ढलप्या पाच मिनिटांत होतात, पण सहा जणांची भाजी चिरायला अर्धा तास लागतो. म्हणून दुकानात सुरी हातात घेतली की आधी अंगठा आणि तर्जनी पात्याच्या मुळाशी धरून बघा. मूठ जाड असेल तर लहान हाताला पाच मिनिटांत रग लागते. बाजारातल्या 'टॅक्टिकल' सुऱ्यांच्या मुठी एवढ्या जाड आणि खाचा पाडलेल्या असतात की एका ठरावीक पकडीशिवाय दुसरी पकड जमतच नाही. साधी, गोल, मधे किंचित फुगीर मूठ सगळ्यात बरी.

पोलादाबद्दल. माझ्याकडे फ्रेंच ओपिनेल आहे, आठ नंबर, कार्बनची. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, घडी झाली की फिरवायचं लोखंडी कडं. कांदा कापून तशीच ठेवली की पातं आधी निळसर, मग करडं पडतं. कैरी कापली की तासाभरात काळपट. सुरुवातीला कांद्याच्या कडाही काळ्या होतात, चव जराशी लोखंडी लागते. हळूहळू तो करडा थर बसतो आणि मग तोच तांबड्या गंजाला थोपवतो. तो थर घासून काढू नका. लाकडी मूठ मात्र पावसात फुगते आणि पातं उघडायला दोन्ही हातांनी झटावं लागतं. त्यामुळे भर पावसात इगतपुरीकडे जाताना मी ती नेत नाही, स्टेनलेसची सरळ सुरी नेते.

भोपळा किंवा सुरण असेल तर तो घरूनच चिरून न्यावा. चार इंची सुरीनं रानात लाल भोपळा कापणं म्हणजे बोटं गमवायची तयारी.

सुरगाण्याचा

बागाईतदार दादांचं आणि ऐरण सरांचं दोन्ही बरोबर आहे. फक्त कोयता कुठे लागतो ते सांगतो. आमच्याकडे राब (भाताच्या रोपांची जागा) भाजायला फांद्या तोडायच्या, कुडाच्या भिंतीला कारवी आणायची, बांबू फोडायचा, या कामांना कोयताच. माणूस रानात निघाला की तो कमरेला असतोच.

बांबू फोडायचा तर शेंड्याकडून सुरू करतात. टोकाला मधोमध कोयता ठोकून बसवायचा, मग पातं किंचित पिळायचं. पेर आलं की 'टक्' आवाज होतो आणि चीर पुढच्या पेरापर्यंत आपोआप धावते. चीर एका बाजूला सरकायला लागली की जाड बाजू वाकवायची, म्हणजे ती परत मधे येते. हे काम पात्याच्या वजनावर होतं, धारेवर नाही. चार इंची सुरीनं करायला गेलात तर सुरी अडकेल.

पण तुम्हाला मुक्कामात बांबू फोडायची गरजच काय? ज्या गावाच्या हद्दीत तंबू लावता तिथे आधी जाऊन सांगा, एखाद्या घरी बसा, चहा घ्या. लाकूडफाटा लागला तर तेच देतील, त्याचे पैसे द्या. कोयता त्यांच्याकडे असतोच. ओली फांदी तोडू नका एवढीच विनंती. सुट्टीला आलेली माणसं हौसेखातर चांगली कोवळी झाडं तासून जातात आणि बोल गावाला लागतो.

पाऊलखुणा

सगळं वाचतोय, वाचनखूण साठवली. एक शंका. सिन्नर-निफाड पट्ट्यात बिबटे आहेत. संरक्षणासाठी म्हणून जरा मोठी सुरी असावी असं वाटत नाही का?

बागाईतदार_निफाड

बिबट्यासमोर सुरी काढायची वेळ आली तर उशीर झालेला असतो. आमच्याकडे उसात बिबट्या नेहमीचा. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि काठी लागते, बोलत जायचं, एकट्यानं वाकून बसायचं नाही. मटणाची हाडं, उरलेलं अन्न तंबूजवळ टाकायचं नाही, त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. लहान मुलं तंबूत मधे झोपवा. सुरी डोक्यातून काढून टाका.

आणि सुरगाण्याच्या भावाचं पटलं. वाटसरू, तुम्ही पायी डोंगर चढणार असाल तर कोयत्याचा आग्रह मी सोडतो.

वाटसरू_पंचवटी

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आता प्रश्न असा की तयार घ्यावी की लोहाराकडून घडवून घ्यावी? आमच्या ओळखीचे एक लोहारकाका आहेत, ते गाडीच्या पाट्याची सुरी करून देतो म्हणतात. आणि ती चांगली झाली की नाही हे मला कसं कळणार?

ऐरण

गाडीचा कमानपाटा सुरीला फार चांगला. त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, म्हणजे कडकही होतो आणि चिवटही राहतो. आपल्याकडचे कोयते, कुऱ्हाडी त्याच मालाच्या बनतात. फक्त जुना पाटा वर्षानुवर्षं लवून थकलेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात. काकांना मधला भाग टाळून टोकाकडचा, भोकापासून लांबचा तुकडा घ्यायला सांगा. आणि सांगताना ही मापं द्या: पातं चार इंच, रुंदी एक इंच, पाठ तीन मिलिमीटर, धारेकडे हळूहळू पातळ होत गेलेलं. लोहाराचा हात कोयत्याला सरावलेला असतो, त्यामुळे सांगितलं नाही तर ते पाच मिलिमीटर ठेवतील.

खरी मेख पाणी देण्यात आहे. पाटा लाल करून एकदम गार पाण्यात बुडवला तर पातळ पात्याला तडा जाऊ शकतो. या पोलादाला तेल मानवतं. लोखंड किती तापलं हे बघायला लोहचुंबक जवळ ठेवा. चुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवून, चेरीसारखा रंग आला की कोमट तेलात टोकाकडून सरळ खाली सोडायचं, आडवं नाही, नाहीतर पातं वाकतं. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. तसंच वापरलं तर पडल्यावर तुकडा उडेल. ते घासून चकचकीत करायचं आणि 200 अंशांच्या जरा वर तास-दोन तास शेकायचं. घरच्या ओव्हनमध्येही होतं. चकचकीत भागावर फिकट गव्हाळ रंग आला की झालं. जांभळा-निळा आला तर पातं मऊ पडलं, स्प्रिंगला चालेल, सुरीला नाही.

पारख अशी करा. एक, कानस घ्या आणि धारेच्या कडेवर हलकेच फिरवा. कानस घसरून गेली, काचेवर घासल्यासारखा आवाज आला तर कडक आहे. कानस चावली आणि भुसा पडला तर मऊ. दोन, पितळेची पेन्सिलएवढी सळई घ्या, तांबट लेनमध्ये किंवा भांडी बाजारात विचारली तर मिळेल. धार लावून झालेली सुरी सळईवर तिरकी दाबून उजेडाकडे धरा. दाबताना धारेला बारीकशी लवण दिसते. दाब काढला की ती सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेली राहिली तर मऊ, कपचा उडाला तर जास्त कडक. एवढी एक पारख केलीत तरी पुरे. दुकानातल्या सुरीला हे करू देणार नाहीत, पण घडवून घेतलेल्या सुरीला जरूर करा, काकांसमोरच करा. त्यांनाही आनंद होईल.

मूठ सागाची करू नका, साग वजनाला हलका आणि ठोक्याला चिरतो. बाभूळ किंवा शिसव चांगलं. पितळी खिळे, आणि तीन-चार दिवस रोज जवसाचं तेल चोळून मुरू द्या.

कलम_कायदा

कुणीतरी हेही सांगायला हवं. शस्त्र अधिनियम 1959 खालच्या नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-खंजीर शस्त्रात मोडतात. घरगुती, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे चार इंची सुरी या मापाच्या खूप आत आहे. पण शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात सुरे-चाकू घेऊन फिरायला बंदी असते. तेव्हा सुरी कमरेला लावून सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) बसची वाट बघू नका. म्यानात घालून, कापडात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत ठेवा.

दुसरं, अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड असो की नांदूरमधमेश्वर, जाण्याआधी वनखात्याच्या चौकीवर विचारा. तिथे मुक्काम आणि चूल हेही परवानगीचेच विषय आहेत.

कड्यावरचा

कायद्याचं सांगितलंत ते फार बरं केलंत. नवीन मुलांना हे माहीतच नसतं.

वापराबद्दल एक गोष्ट राहिली. लाकूड मांडीवर धरून आपल्याकडे तासू नका. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी धमनी असते, तिथे खोल कापलं तर मिनिटांत प्रकरण हाताबाहेर जातं, आणि हरसूल किंवा पेठच्या आतल्या भागात रात्री 108 ची गाडी यायलाही वेळ लागणार. बसताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरा, म्हणजे सुरी सटकली तरी मोकळ्या जागेत जाते. हात पुरेल त्या घेरात दुसरं कुणी नको. अंधार पडला की तासणं बंद. एक रोलर बँडेज आणि स्वच्छ गॉज सुरीच्याच पिशवीत ठेवा.

रानवेल

आणि धार! धाग्यात सगळे पोलादावर बोलले, पण बोथट झालेली महागडी सुरी काय कामाची? रस्त्यावर सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्यांकडे पातळ पातं देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा कड एवढी तापते की ऐरणदादा म्हणतात तो निळा रंग तिथेच येतो आणि पाणी उतरतं.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो. घरी तोच पाण्यात भिजवून वापरते. कोन चुकू नये म्हणून धारेच्या उताराला काळ्या मार्करनं रंगवायचं आणि दोन-तीन वेळा घासून बघायचं. शाई कडेवरची तशीच राहिली तर पाठ फार खाली आहे, जरा उचला. फक्त कडेवरचीच गेली तर पाठ फार वर आहे. सगळी सारखी गेली की तोच कोन हाताला लक्षात ठेवा. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक कोर वळते, नखाला खरखर लागते. ती लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं आठ-दहा हात. मुक्कामात दगड नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला, बुडाची बिनचकाकीची कड चालते.

मोराच्या सुरीला हे सगळ्यात सोपं जातं, कारण तिचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप धरला जातो. पहिलीच सुरी असेल तर मी तीच सुचवेन.

वाटसरू_पंचवटी

ठरलं. आत्ता स्टेनलेसची मोरा घेतो, कारण मला पाजवायला शिकायचं आहे आणि दिवाळीनंतर लगेच निघायचं आहे. लोहारकाकांना पाटा शोधून ठेवायला सांगितलाय, ती सुरी उन्हाळ्यात निवांत करून घेऊ. पितळी सळई घेऊन मी स्वतः भात्याजवळ बसणार आहे. सुरगाण्याचे दादा, पुढचा मुक्काम तुमच्याच बाजूला आहे. गावात आधी कुणाला भेटायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतो.

एक शेवटचं विचारतो. घडवलेल्या सुरीला चामड्याचं म्यान करावं का?

ऐरण

करा, पण सुरी घरी त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळेही कार्बन पातं आतल्या आत गंजतं. प्रवासापुरतं म्यान, घरी आल्यावर धुवून, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून कोरड्या सुती कापडात. टोकाकडे म्यानाच्या शिवणीत चामड्याची एक जादा पट्टी घालायला सांगा, नाहीतर सुरी आत सरकवताना धार टाके कापत जाते. चांभाराकडे जाताना सुरी सोबत न्या, नुसतं माप देऊन म्यान नीट बसत नाही.